खापरं सांगतात ते, आणि हाडं सांगतात ते

चकलांबा हे गाव ज्या गेवराई तालुक्यात आहे, त्याच्या उत्तर अंगाने गोदावरी वाहते. पैठणच्या वरच्या बाजूला तिला प्रवरा मिळते. या नद्यांच्या काठी सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी शेतकऱ्यांची गावं नांदत होती. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावी १९५०-५१ साली उत्खनन झालं आणि त्या संस्कृतीला जोर्वे हे नाव पडलं. तिची भांडी चाकावर घडवलेली, लाल, वर काळ्या रेषांची नक्षी. इतकी पक्की भाजलेली की टिचकी मारली तर खणकन वाजतात. तान्हं मूल दगावलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवायचं आणि घरातल्याच जमिनीखाली पुरायचं. मोठ्या माणसाला पुरताना पाय घोट्यापासून तोडलेले असत.

ही माणसं मूळची कुठली? नव्या धाटणीची खापरं दिसली की नवे लोक आले, असं मानण्याची आपल्याला सवय आहे.

आयर्लंडमध्येही तेच झालं. केल्ट लोक लोखंडी तलवारी घेऊन ख्रिस्तपूर्व ५०० च्या सुमारास तिथे उतरले, असं पिढ्यान् पिढ्या सांगितलं गेलं. मग २००६ मध्ये राथलिन बेटावर एका पबच्या मागे दफनं सापडली. त्यातल्या तीन पुरुषांचा डीएनए डब्लिन आणि बेलफास्टच्या संशोधकांनी २०१५ च्या अखेरीस प्रसिद्ध केला. ते साडेतीन ते चार हजार वर्षांपूर्वीचे, तरी आजच्या आयरिश माणसांचे जवळचे नातलग निघाले. बेलफास्टजवळची पाच हजार वर्षांपूर्वीची शेतकरी स्त्री मात्र निराळ्या पूर्वजांची होती. म्हणजे मोठं स्थलांतर झालं ते लोखंडाच्या कितीतरी आधी, कांस्ययुगात. भाषा कधी आली, हे मात्र हाडांवर लिहिलेलं नसतं.

आपल्या उष्ण हवेत डीएनए फार लवकर नासतो. हरियाणातल्या राखीगढीत साठाहून अधिक नमुने तपासले, तेव्हा एकाच स्त्रीचा उपयोगी पडला. ते संशोधन २०१९ चं. म्हणून जोर्वे लोकांवर आर्य किंवा द्रविड असा शिक्का मारणं मला घाईचं वाटतं.

हाडं जपली तरच उत्तर मिळेल. माळवदासाठी किंवा शेतात टाकायला पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेची, माती उकरताना खापरं, मडकी, हाडं दिसली तर फावडं थांबवा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.