दोन बॅटऱ्या, एक अल्टरनेटर: सकाळी गाडी सुरू व्हायलाच हवी

आजचा भाग कोयनानगरहून. कराड-चिपळूण रस्त्याने इकडे येऊन गाडीतच मुक्काम करणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न: रात्रभर फ्रिज, दिवे चालवले तर सकाळी गाडी सुरू होईल का?

एकाच बॅटरीवर असाल तर भरवसा नाही. समजा फ्रिज सरासरी ३ अँपिअर खातो. १० तासांत ३० अँपिअर-तास गेले. लहान गाडीची बॅटरी असते ३५-४५ची. स्टार्टरला उरलं काय? शिवाय ही बॅटरी क्षणभर मोठा करंट द्यायला बनवलेली. वारंवार पूर्ण उतरवली की लवकर मरते.

म्हणून वापरासाठी दुसरी, डीप सायकल बॅटरी. पण दोन्ही कायमच्या जोडल्या तर दोन्ही सोबतच उतरणार. कोयनेचंच बघा ना. वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा आहे. पूर्वेला सातारा-सांगलीच्या शेतीलाही पाणी लागतं. आपल्यालाही अशीच मर्यादा हवीय: चार्ज होताना जोडलेल्या, एरवी वेगळ्या.

सोपा उपाय म्हणजे व्होल्टेज पाहून चालणारा रिले. इंजिन चालू झालं की अल्टरनेटर व्होल्टेज १४च्या आसपास नेतो. साधारण १३.३ला रिले बॅटऱ्या जोडतो, १२.८च्या खाली सोडतो. मी सॉफ्टवेअरवाला, मला हा मधला अर्धा व्होल्ट फार आवडतो. रिकामी बॅटरी जोडली की व्होल्टेज जरा खाली येतंच. दोन्ही आकडे एकच असते तर रिले टकटक करत बसला असता.

डायोडही चालतो, पण साधा डायोड ०.६-०.७ व्होल्ट खातो, बॅटरी पूर्ण भरत नाही.

दोन ठिकाणी मात्र रिले पुरत नाही. स्मार्ट अल्टरनेटर इंधन वाचवायला मधेच व्होल्टेज उतरवतो, मग रिले सुटतो. आणि लिथियम बॅटरी एवढा करंट ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो. तिथे डीसी-टू-डीसी चार्जरच लावा. तो करंटला लगाम घालतो आणि बॅटरीला हवं तेच व्होल्टेज देतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं: जोडवायरच्या दोन्ही टोकांना, बॅटरीजवळ, वायरला झेपेल त्या क्षमतेचा फ्यूज हवा. वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर करंट दोन्ही बाजूंनी येतो. एकच फ्यूज असेल, तर दुसऱ्या बाजूची बॅटरी आग लावू शकते.

घाट चढण्याआधी घरीच तपासा. इंजिन बंद करा, फ्रिज चालू ठेवा, तासाभराने मल्टिमीटर लावा. दुसरी बॅटरी उतरतेय आणि स्टार्टरची १२.६च्या आसपास टिकून आहे? मग निवांत झोपा. भेटू पुढच्या भागात!