पहिल्या आठवड्याचा उतारा

पावसाळा ओसरून शेतांतील वाफसा सुकू लागला, की बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत दोन हंगामांची चर्चा एकाच वेळी ऐकू येऊ लागते. पहिला हंगाम अर्थातच साखर कारखान्यांचा. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचा कर्मयोगी असे एकेक कारखाने बॉयलर पेटवितात, गव्हाणीत मोळी पडते आणि कोणी किती टन गाळप केले, कोणाला किती उतारा लागला, याचे आकडे एस.टी. स्थानकापासून शिक्षकांच्या खोलीपर्यंत सर्वत्र तोंडपाठ होतात. दुसरा हंगाम महाविद्यालयांच्या मैदानावरचा. यंदा कबड्डीचा संघ कसा आहे, गेल्या वर्षीचा डावा कोपरा पदवी घेऊन गेला त्याच्या जागी कोण उभा राहणार, खो-खोत मुलींचे संरक्षण टिकेल काय, या प्रश्नांवरही तितक्याच हिरिरीने वाद चालतात.

परंतु या दोन चर्चांत एक मोठा फरक आहे. उसाच्या बाबतीत या भागातील सामान्य माणूस कमालीचा समंजस असतो. पहिल्या आठवड्यात उतारा कमी लागला म्हणून कारखाना बुडाला, असे कोणी म्हणत नाही. सुरुवातीचा ऊस पुरता पक्व झालेला नसतो, थंडी पडलेली नसते, यंत्रेही अजून रुळलेली नसतात, हे त्याला ठाऊक असते. डिसेंबर-जानेवारीत उतारा चढतो आणि अखेरीस हिशेब व्हावयाचा तो हंगामाच्या सरासरीवर, हे ज्ञान त्याला कोणा तज्ज्ञाने शिकविलेले नाही. अनेक वर्षे अनेक हंगाम पाहून ते त्याच्या अंगवळणी पडले आहे.

हाच माणूस कबड्डीच्या मैदानाशेजारी उभा राहिला, की त्याचा समंजसपणा कोठे जातो कोण जाणे. पहिल्या सामन्यात संघावर लोण चढला, एखादी हमखास वाटणारी पकड सुटली, की ‘यंदाचा संघ गेला’ असा निकाल तो देऊन टाकतो. निवडीत वशिला झाला, सरावात ढिलाई झाली, अमक्याला उगाच घेतले, असे आरोप त्यामागोमाग येतातच. या उतावळेपणाबद्दल प्रेक्षकाला दोष देणे सोपे आहे. खेदाची गोष्ट ही, की त्याचे म्हणणे अक्षरशः खरे असते. संघ खरोखरच गेलेला असतो. पहिला सामना हाच त्याच्या वर्षाचा शेवटचा सामना असतो.

दोन तासांची कारकीर्द

आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांची घडण पाहिली म्हणजे हे ध्यानात येते. 1949 साली स्थापन झालेल्या आणि 2014 सालापासून सावित्रीबाई फुले यांचे नाव धारण करणाऱ्या पुणे विद्यापीठाचे कार्यक्षेत्र विस्तीर्ण आहे. संलग्न महाविद्यालयांची संख्या शेकड्यांनी मोजावी लागते. त्यामुळे प्रथम विभागीय स्पर्धा, मग आंतरविभागीय, त्यातून विद्यापीठाचा संघ आणि पुढे पश्चिम विभागातील विद्यापीठांच्या स्पर्धा, अशी ही शिडी आहे. शिडीच्या पहिल्या पायऱ्यांवर बहुतेक वेळा बाद पद्धत असते. साखळी सामने वाट्याला येतात ते शेवटच्या चार-सहा संघांच्या. थोड्या दिवसांत पुष्कळ संघांतून एक निवडावयाचा, तर याहून सोयीची रीत नाही, हे मान्य केले पाहिजे.

परंतु या सोयीची किंमत कोण देते? 32 संघांच्या बाद स्पर्धेत एकंदर 31 सामने होतात आणि त्यांतील 16 संघ एकच सामना खेळून घरी परततात. पुरुषांच्या कबड्डीचा सामना 40 मिनिटांचा. पदवीच्या तिन्ही वर्षी पहिल्याच फेरीत हरणाऱ्या संघातील मुलाची महाविद्यालयीन कारकीर्द तीन गुणिले 40, म्हणजे 120 मिनिटांची. तीन वर्षे पहाटे उठून मैदानावर यावयाचे, सायंकाळी शेवटच्या गाडीने गावी परतावयाचे आणि प्रत्यक्ष सामन्यात खेळावयाचे ते उणेपुरे दोन तास. त्यातही राखीव खेळाडू असेल तर तेवढेही नाहीत.

यामागे केवळ हौसेचा प्रश्न असता तर त्यावर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. विद्यापीठाच्या संघात निवड होणे ही अनेक ग्रामीण मुलांच्या दृष्टीने पुढील वाटेची पहिली पायरी असते. ज्याला तीन वर्षांत तीनच सामने मिळाले, त्याचा कस निवड समितीने कशावरून जोखावयाचा? एखाद्या दुपारी घोटा मुरगळला, एखाद्या दिवशी प्रतिस्पर्धी अपेक्षेबाहेर खेळला, की गुणवत्ता असूनही तो मुलगा कोणाच्या नजरेस पडत नाही. पहिल्या आठवड्याच्या उताऱ्यावर वर्षाचा भाव ठरविला, तर ऊस उत्पादक रस्त्यावर येतील. खेळाडूच्या बाबतीत मात्र आपण तेच निमूटपणे चालू देतो.

बर्लिननंतरच्या दोन वाटा

या संदर्भात एक जुनी घटना आठवण्याजोगी आहे. 1936 साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलला प्रथमच स्थान मिळाले. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे 1891 साली हा खेळ शोधून काढणारे शारीरिक शिक्षणाचे शिक्षक जेम्स नेस्मिथ त्या प्रसंगी तेथे उपस्थित होते. त्याच बर्लिनमध्ये, त्याच निमित्ताने, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने कबड्डीचे प्रात्यक्षिक जगाला दाखविले. बास्केटबॉलचा अंतिम सामनाही त्या वर्षी उघड्यावर, पावसात, मातीच्या मैदानावर झाला आणि अमेरिकेने कॅनडाला 19-8 असे हरविले. म्हणजे मातीच्या बाबतीत दोन्ही खेळ त्या दिवसांत फारसे दूर नव्हते.

पुढे त्यांच्या वाटा फाकल्या. बास्केटबॉलच्या वाढीत पैशाचा वाटा मोठा आहे हे खरेच. परंतु अमेरिकेतील महाविद्यालयांनी या खेळाला एक ‘हंगाम’ही दिला. तेथील मोठ्या महाविद्यालयांचा संघ नोव्हेंबरपासून मार्चच्या आरंभापर्यंत सुमारे 30 सामने खेळतो. पहिल्या दीड-दोन महिन्यांत बाहेरच्या संघांशी लढती होतात, त्यानंतर आपल्या गटातील संघांशी. बाद पद्धतीची राष्ट्रीय स्पर्धा येते ती सर्वांत शेवटी, मार्चमध्ये. 1939 साली अवघ्या आठ संघांनिशी सुरू झालेली ही स्पर्धा आज तेथील वर्षाचा एक मोठा उत्सव ठरली आहे. त्यामुळे डिसेंबरमध्ये तेथील चाहते जेव्हा आपल्या संघाच्या सुरुवातीच्या कामगिरीवर वाद घालतात, तेव्हा त्या वादाला अर्थ असतो. नव्याने आलेला खेळाडू फेब्रुवारीपर्यंत तयार होईल काय, मोठा विजय दुबळ्या संघावर मिळाला की बलाढ्य संघावर, पराभव परक्या मैदानावरचा की घरचा, असे प्रश्न विचारावयास त्यांच्यापाशी अवसर असतो. आपण हीच शिडी उलटी धरली आहे. त्यांची जी अखेर, ती आपली सुरुवात.

अमेरिकेचे अनुकरण करावे, असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. तेथील महाविद्यालयीन खेळात शिरलेला पैसा आणि त्याने उभे केलेले प्रश्न आपल्याला नकोतच. आणि साखळीचे शहाणपण शिकावयास समुद्रापार जाण्याची गरजही नाही. मुंबईत 1948 सालापासून कांगा साखळी भर पावसाळ्यात, ओल्या खेळपट्ट्यांवर खेळविली जात आली आहे आणि मुंबईच्या फलंदाजांच्या कित्येक पिढ्या त्या चिखलात तयार झाल्या. अलीकडचे उदाहरण पाहावयाचे तर 2014 साली सुरू झालेल्या व्यावसायिक कबड्डी साखळीत पुण्याचा संघ डिसेंबर 2022 मध्ये अंतिम सामन्यात जयपूरकडून हरला. पुढच्या हंगामात 22 साखळी सामने खेळून तो गुणतक्त्यात अग्रस्थानी राहिला आणि 1 मार्च 2024 रोजी हरियाणाला 28-25 असे नमवून विजेता झाला. दूरदर्शन संचावर हे सामने पाहणारा आपला प्रेक्षक तेथे धीर धरावयास शिकला आहे. आपल्या गावच्या संघासाठी धीर धरण्याची संधीच त्याला कोणी दिलेली नाही.

पन्नास किलोमीटरची साखळी

ही संधी देणे अवघड आहे काय? बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय 1962 सालापासून आहे, 1972 साली स्थापन झालेल्या विद्या प्रतिष्ठानचे महाविद्यालय आहे. सोमेश्वरनगरला मुगुटराव काकडे महाविद्यालय, इंदापूरला कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालय, वालचंदनगरनजीक कळंबला विश्वासराव रणसिंग महाविद्यालय आणि शारदानगरला मुलींचे शारदाबाई पवार महाविद्यालय. मुलींचे सहा संघ धरले आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा घरच्या व एकदा परक्या मैदानावर खेळावयाचे ठरविले, तर एकंदर 30 सामने होतात. प्रत्येक संघाला दहा सामने मिळतात. मुलांचे पाच संघ धरले तर 20 सामने आणि प्रत्येकाला आठ. आठवड्याला एक दुपार काढली तरी हा सारा कार्यक्रम अडीच महिन्यांत आटोपतो. विद्यापीठाच्या स्पर्धेला हात लावण्याचे कारण नाही. ती आपल्या जागी राहील, फक्त तिच्यात उतरणारा संघ आठ-दहा सामन्यांनी कसलेला असेल.

बारामती ते इंदापूर हे अंतर सुमारे 50 किलोमीटरचे. भवानीनगर, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी अशी गावे घेत जाणारा हा रस्ता आषाढवारीत तुकोबांच्या पालखीचा. बेलवाडीच्या गोल रिंगणाला भोवती दाटणारी गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या भागात मैदानाभोवती माणसे जमतील की नाही ही शंका येणार नाही. कबड्डीला लागते ती थोडी जागा, चुन्याच्या रेघा आणि एक शिट्टी. मॅट असल्यास उत्तम, नसल्यास माती आहेच. खो-खोला दोन खांब. पंचांचे मानधन आणि प्रवासखर्च एवढाच काय तो बोजा. या परिसरातील कारखाने, बँका आणि दूध संघ यांना तो जड वाटू नये.

आक्षेप घेतले जातील, आणि ते अगदीच निराधार नाहीत. सत्र पद्धतीमुळे परीक्षा आणि अंतर्गत मूल्यमापन यांतून मोकळा दिवस सापडत नाही, असे शिक्षक म्हणतील. सामन्यांच्या तारखा वर्षारंभीच शैक्षणिक वेळापत्रकात नोंदल्या, तर ही अडचण बरीचशी दूर होईल. आज खेळाचे दिवस ऐनवेळी परीक्षेवर आदळतात, म्हणून तर तक्रार अधिक होते. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. दोन तालुक्यांतील राजकीय चुरस मैदानावर उतरेल, मारामाऱ्या होतील, अशी भीती व्यक्त होईल. वस्तुतः मारामारीला जोर येतो तो बाद सामन्यात, जेथे पंचाच्या एका निर्णयाने वर्षाचे कष्ट मातीमोल होतात. ज्याला पुढच्या गुरुवारी पुन्हा खेळावयाचे आहे, परतीचा सामना ज्याच्या स्वतःच्या मैदानावर व्हावयाचा आहे, तो आज पाहुण्या संघाला दगड मारताना दोनदा विचार करील.

बारामतीने मोठ्या मैदानांचे मान पुष्कळ पाहिले आहेत. या गावचे शरद पवार राज्य कबड्डी संघटनेपासून 2010 ते 2012 या काळात आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या अध्यक्षपदापर्यंत पोहोचले. सत्तेची आणि संघटनेची कमतरता या भागाला कधी भासली नाही. तरीही येथील महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीला शेजारच्या महाविद्यालयाशी वर्षातून दहा-बारा वेळा सोडा, दोनदाही नियमाने खेळता येत नसेल, तर हे काम कोणा मोठ्या माणसाने करावे म्हणून वाट पाहण्यात अर्थ नाही. सहा महाविद्यालयांच्या शारीरिक शिक्षण संचालकांनी जून महिन्यात एका टेबलाभोवती बसून तारखा ठरविल्या, तर एवढ्यावर ते मार्गी लागू शकते.

आणि मग प्रेक्षकाच्या चर्चेचाही पोत बदलेल. पहिला सामना गमावलेल्या संघाबद्दल बोलताना तो विचारील: पुढचा सामना कोठे आहे? कोपऱ्यातला नवा मुलगा आणखी तीन सामन्यांनी कसा उभा राहतो? तिसऱ्या चढाईला हमखास बाद होणारी ती मुलगी बोनस घ्यावयास शिकली काय? गुणतक्ता नियमाने वाचणारा माणूस वशिल्याचा आरोप करण्यापूर्वी आकडे पाहू लागतो. ही सवय मैदानाबाहेरही त्याच्या उपयोगी पडते. वर्गातील विद्यार्थ्याबद्दल पहिल्या चाचणीवरून मत बनविणाऱ्या शिक्षकाला आणि एका परीक्षेतील अपयशाने खचणाऱ्या विद्यार्थ्याला तिची गरज आहेच.

उसाला पक्व होण्यास वेळ लागतो, हे या दोन तालुक्यांना नव्याने सांगावे लागत नाही. येत्या जूनमध्ये, नवे प्रवेश सुरू असतानाच, सहा मैदानांच्या तारखा फलकावर लागाव्यात. आपल्या मुलामुलींना निदान एक पूर्ण हंगाम मिळावा आणि त्यानंतरच त्यांची सरासरी काढली जावी.