मेंटॉर मिळाला, पुढे काय?

हैदराबादच्या गौलीगुड्यातून चालत महात्मा गांधी बस स्थानकाच्या मेट्रोला यायचं, अमीरपेटला गाडी बदलायची आणि हायटेक सिटीला उतरायचं. इथल्या मराठी घरांतली बरीच मुलं आता याच वाटेने नोकरीला जातात. रुजू झाल्यावर कंपनीचा मेल येतो, अमुक तुमचे मेंटॉर. घरी बाबा खूश: "मोठ्या माणसाच्या हाताखाली लागलास, आता काळजी नाही." गैरसमज तिथूनच सुरू होतात.

पहिला गैरसमज, मेंटॉर बढतीसाठी शब्द टाकेल. मेंटॉर सहसा दुसऱ्या टीमचा असतो आणि तुमचं अप्रेझल तो लिहीत नाही. मुलं यावर हिरमुसतात, पण खरा फायदा यातच आहे. जो तुम्हाला मार्क देत नाही, त्याच्यासमोर "हे मला जमत नाही" असं बिनधास्त म्हणता येतं. साहेबासमोर ते कोण म्हणेल?

दुसरा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. भेटीत काय बोलायचं ते सरच ठरवतील, असं समजून मुलं "सर, थोडं मार्गदर्शन हवं होतं" एवढाच मेसेज टाकतात. त्यावर सर तरी काय बोलणार? चार उपदेश करतात, चहा होतो, वेळ संपते. त्याऐवजी असं लिहून पाहा: "क्लायंटसमोर डेमो देताना मधेच प्रश्न आला की मी गडबडतो. मागच्या डेमोतले तीन प्रश्न आणि माझी उत्तरं सोबत पाठवतोय. दुसरं उत्तर का फसलं, यावर बुधवारी वीस मिनिटं बोलायचंय." आता सरांना धरायला काहीतरी मिळालं. भेटीनंतर त्यातलं काय करून पाहिलं आणि त्याचं काय झालं, हे दोन ओळींत कळवायचं. ते कळलं नाही, तर पुढच्या वेळी सरांना काही सांगावंसं का वाटावं?

तिसरा गैरसमज आपल्या संस्कारांतून येतो, गुरू एकच असावा. याच शहरातलं उदाहरण पाहा. पी. व्ही. नरसिंह राव हैदराबादेत वकिलीला लागले ते बुर्गुल रामकृष्णराव यांचे ज्युनिअर म्हणून. राजकारणात मात्र त्यांनी स्वामी रामानंद तीर्थांना गुरू मानलं. हैदराबाद काँग्रेसमध्ये या दोघांचे गट वेगळे होते, आणि १९५२ साली मुख्यमंत्री झाले ते बुर्गुल. तरी नरसिंह राव वकिली एकाकडे शिकले आणि राजकारणात दुसऱ्याच्या मागे गेले. तेव्हा कोडिंगचे बारकावे एकाकडून आणि माणसं सांभाळायचं कसब दुसऱ्याकडून घेतलं, तर कुणाशीच बेइमानी होत नाही.

सल्ला पाळलाच पाहिजे का? इथे गोखले आणि गांधी आठवतात. गोखल्यांनी सांगितलं होतं, भारतात आल्यावर वर्षभर देश पाहा, सार्वजनिक प्रश्नांवर बोलू नका. गांधी जानेवारी १९१५ मध्ये परतले आणि १९ फेब्रुवारीला गोखले गेले. विचारणारा उरला नव्हता, तरी गांधींनी देश पाहत फिरण्याचं ते वर्ष पाळलं. पण 'हिंद स्वराज' गोखल्यांना कच्चं वाटलं होतं. भारतात वर्षभर राहिलात की तुम्हीच ते मोडीत काढाल, असा त्यांचा होरा होता. गांधींनी ते मोडीत काढलं नाही. काम कसं करावं याबद्दलचा सल्ला त्यांनी निमूट पाळला, मताच्या बाबतीत स्वतःचंच धरून राहिले. मेंटॉरलाही असा माणूस आवडतो. मात्र नकार द्यायचा तर कारणासकट आणि तोंडावर द्यावा. "हो सर" म्हणून घरी येऊन विसरणं हा आपला राष्ट्रीय खेळ तिथे चालत नाही.

एक किरकोळ गोष्ट राहिली. जोडी जमलीच नाही तर काय? दोन-तीन भेटींत गाडी पुढे सरकली नाही, तर मेंटॉर बदलून मागता येतो. एचआरला हे नवीन नसतं आणि मेंटॉरही बहुधा सुटकेचा निःश्वास टाकतो. "सर काय म्हणतील" म्हणून वर्ष काढू नका. त्यांच्या कॅलेंडरमधला तो तास दुसऱ्या कुणाला तरी हवा असतो.