हिवाळ्यातील घरविक्री आणि चौकटीवरची खूण

घर विकायचे असेल तर ते हिवाळ्यात विकावे, असे आमच्या सांगलीतील दलाल मंडळी आवर्जून सांगतात. त्यांचे म्हणणे निराधार नाही. चातुर्मास संपलेला असतो, साखर कारखान्यांचे गाळप सुरू होऊन उसाची बिले हाती येऊ लागतात आणि परगावी राहणारी मुले नाताळच्या सुट्टीत घरी आलेली असल्यामुळे सर्वांच्या संमतीने निर्णय होतो. मध्ये पौष महिना येतो खरा. त्या महिन्यात इसार देण्यास पुष्कळजण कचरतात. परंतु जो गिऱ्हाईक पौषातही घर पाहावयास येतो, तो खरोखरच घेणारा असतो, हा माझा बँकेतील अनुभव आहे.

2022 च्या हिवाळ्यात आम्ही गावभागातील वडिलोपार्जित घर विकावयास काढले. वडील पूर्वीच गेले होते, आईही आदल्या वर्षी गेली. धाकटा भाऊ पुण्यात, बहीण बेळगावात आणि मी विश्रामबागेत. बंद घराची घरपट्टी भरण्यापलीकडे कोणाच्याच हातून काही होत नव्हते.

घर दाखवू लागल्यावर एक गोष्ट प्रथमच जाणवली. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. सोप्याच्या दक्षिण खिडकीतून ऊन थेट मागच्या भिंतीपर्यंत पोहोचते आणि एरवी अंधारी वाटणारी ती खोली उजळून निघते. भिंती कोरड्या, कौले कोरडी, परसातील मोरीला वास नाही, कृष्णामाई दूर घाटाखाली शांत. ज्या घरात आम्ही पावसाळ्यात गळतीखाली पातेली मांडून झोपलो, ते हेच का, असा प्रश्न मलाच पडला!

कर्जखात्यात असताना तारणाची पाहणी करावयास मी अनेकदा जात असे. जानेवारीतील अहवाल आणि जुलैतील अहवाल एकाच इमारतीचे आहेत, हे कधी कधी ओळखू येत नसे. मूल्यांकनकार खोटे लिहीत नव्हता. त्याने जे पाहिले तेच तो लिहीत होता.

आमच्या घराच्या बाबतीत प्रश्न केवळ ओलीचा नव्हता. 2005 च्या पुराचे पाणी कोठवर आले, याची खूण वडिलांनी माजघराच्या चौकटीवर पेन्सिलीने करून ठेवली होती. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळील पातळी 57 फुटांपर्यंत गेली. तेथे धोक्याची पातळी 45 फूट आहे, एवढे सांगितले म्हणजे पुरे. तेव्हाची खूण मी केली, ती वडिलांच्या खुणेच्या बरीच वर आहे. 2021 च्या जुलैत पाणी पुन्हा आले. दलालाने सुचविले की आतून रंगाचा एक हात द्यावा, चौकटही रंगवून घ्यावी. भावाचे मतही तसेच पडले. ‘दादा, गावभागात पाणी येते हे साऱ्या सांगलीला ठाऊक आहे. आपण मुद्दाम कशाला बोलायचे?’

त्याचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 55 प्रमाणे विकणाऱ्यास ठाऊक असलेला, परंतु घेणाऱ्यास साधारण दक्षता घेऊनही न कळणारा महत्त्वाचा दोष सांगणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. गल्लीत पूर येतो हे कोणासही चौकशीने कळेल. नदीकाठची निळी पूररेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, हेही नकाशात पाहता येते. पण पाणी माजघरात किती चढते, हे नकाशा सांगत नाही. ते चौकटीवरच लिहिलेले होते आणि तीच रंगवून टाकावयाची होती. मी रंग दिला नाही. भाऊ आठ दिवस बोलला नाही.

पहिले गिऱ्हाईक खूण पाहून चहासुद्धा न घेता गेले. पौषात मिरजेहून एक शिक्षक दांपत्य आले. बाईंनी खुणेपाशी उभे राहून हात वर करून पाहिला आणि पाणी उतरण्यास किती दिवस लागले ते विचारले. किमतीतून त्यांनी 3 लाख रुपये कमी करून घेतले. ही तूट तिघा भावंडांनी सारखी वाटून घेतली. बहिणीने मन मोठे केले. भावाने सही केली, एवढेच म्हणतो.

पुढील कामकाज रुक्ष असले तरी वेळेचे आहे. वारसनोंद होऊन मिळकत पत्रिकेवर तिघांची नावे आधीच लागली होती, म्हणून संक्रांतीनंतर लगेच दस्त नोंदविता आला. हे काम मार्चवर ढकलू नये. बाजारमूल्याचे नवे दर हल्ली 1 एप्रिलपासून लागू होत असल्याने त्या महिन्यात दुय्यम निबंधकांकडे झुंबड उडते. भांडवली नफ्यासाठी वडिलोपार्जित जुन्या घराचे 1 एप्रिल 2001 चे मूल्य धरता येते. त्याचा दाखला नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून विक्रीपूर्वीच घ्यावा. करसवलतीच्या रोख्यांत रक्कम गुंतवावयाची तर मुदत विक्रीपासून 6 महिन्यांची. जानेवारीत विकणाऱ्याची ती जुलैत संपते, आणि मार्चअखेरीच्या सवयीने चालणारे आपल्यासारखे लोक नेमके येथे चुकतात.

त्या दांपत्याने विजेची बटणे 2019 च्या खुणेच्या वर नेली आणि माळा भक्कम करून घेतला. चौकट तशीच ठेवली आहे. पावसाळ्यात धरणातून विसर्ग वाढल्याची बातमी आली की गुरुजींचा फोन येतो, ‘काका, पुलाजवळ किती फूट झाले म्हणजे आपल्या पायरीला पाणी लागते?’ वडिलांच्या वहीत पाहून मी सांगतो. गेल्या वर्षी तीच वही त्यांना देऊन आलो.