टंचाईची वाटणी

मोटारीचं बटण दाबलं की विहिरीतलं पाणी पाइपातून टेकाडावर चढतं आणि काळ्या प्लास्टिकच्या कागदावर धबाधबा पडू लागतं. अस्तर लावलेलं शेततळं. चारी बाजूंचा भराव इतका उंच, की पावसाच्या वाहत्या पाण्याला आत शिरायला वाटच नाही. शेततळ्यांची योजना आली होती शिवारातलं वाहून जाणारं पाणी अडवण्यासाठी. दुष्काळी तालुक्यांतली कितीतरी शेततळी मात्र भरतात भूजलानं. चैत्रात शेजाऱ्याच्या विहिरीला तळ लागतो, तेव्हा या तळ्यातलं पाणी उन्हानं उडून जात असतं. तळं बांधणाऱ्या शेतकऱ्याला दोष द्यावा असं मला वाटत नाही. पोटच्या पोरासारखी वाढवलेली डाळिंबाची बाग ज्यानं एकदा वाळताना पाहिली, तो पाणी कोंडून ठेवणारच. पण खडकातलं पाणी साऱ्या शिवाराचं होतं, ते कागदावर आलं आणि एकट्याचं झालं. हवामान बदलाच्या काळातला महाराष्ट्राचा पाणीप्रश्न मला या तळ्यात दिसतो.

पाऊस बदलला आहे हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांचे सहकारी यांनी २०१७ मध्ये ते आकड्यांत मांडलं : मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. पाऊस मोजक्या दिवसांत कोसळतो आणि मधले खंड लांबतात. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याच मराठवाड्यात सप्टेंबर २०२५ मध्ये नद्या पात्र सोडून शेतात शिरल्या, उभं सोयाबीन कुजलं आणि कित्येक ठिकाणी माती खरवडून गेली. पीक पुन्हा घेता येतं. मातीचा थर एका आयुष्यात परत येत नाही.

त्यात राज्याचा सुमारे ८० टक्के भूभाग बेसॉल्टचा. या खडकात पाणी मुरतं ते भेगांत आणि झिजलेल्या थरात, तेही थोडंच. त्यामुळे एका पावसाळ्याची शिल्लक पुढच्या वर्षाला पुरेल, असा भरवसा नाही.

पाणी अडवण्यात आपण मागे राहिलो नाही. १९७२ च्या दुष्काळात सरकारी मदतकामांवर लाखो माणसांनी खडी फोडली, पाझर तलाव बांधले. पुढे पाणलोट विकास, जलयुक्त शिवार, २०१६ ते २०१९ या काळात वॉटर कप स्पर्धेसाठी पहाटे उठून श्रमदान करणारी गावं. त्या घामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण समतल चर खणताना एकत्र आलेलं गाव विहिरीत पाणी चढलं की पांगतं. एक जण बोअर घेतो, दुसरा त्याहून खोल घेतो, तिसरा ऊस लावतो.

पाणी वाटून घेण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर फड पद्धत शतकानुशतकं चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात एकच पीक, आणि बहुतेक शेतकऱ्यांची जमीन एकाहून अधिक फडांत विखुरलेली. पाणी देणारा पाटकरी, राखणीला जागल्या, त्यांच्यावर पंच. पाऊस कमी झाला की कोणता फड भिजवायचा आणि कोणता पडीक ठेवायचा, हे सगळे मिळून ठरवणार. फड पडीक राहिला तर तोटा एकाचा नाही, त्या फडात ज्यांच्या पट्ट्या आहेत त्या सगळ्यांचा. पाऊस दरवर्षी सारखा पडणार नाही, हे ही पद्धत बांधणाऱ्यांनी गृहीतच धरलं होतं. आपले मोठे कालवे मात्र ठरावीक पाणी मिळेल या हिशेबावर आखले गेले. कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्यानं त्या हिशेबाची किंमत कोरड्या चारीकडे बघत मोजली आहे.

वाटणीचा नवा प्रयोग पुढे विलासराव साळुंखे यांनी केला. ते पुण्याचे अभियंते आणि कारखानदार. १९७२ चा दुष्काळ पाहून ते पुरंदर तालुक्यातल्या नायगावला गेले, देवस्थानची माळरानाची जमीन कराराने घेतली आणि तिथून पाणी पंचायत उभी राहिली. नियम मोजकेच. पाणी जमिनीवर नाही, माणसावर मिळेल : माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. पाण्यावरचा हक्क जमिनीच्या मालकीपासून सोडवणं हा माझ्या मते गेल्या शतकात महाराष्ट्रानं केलेला सर्वांत धाडसी पाणीविचार आहे. तो मोजक्याच गावांत राहिला, कारण तो मान्य केला असता तर कोणी किती ऊस लावायचा, हा प्रश्न राज्यकर्त्यांना टाळता आला नसता.

भूजलासाठी २००९ चा कायदा आहे. अधिसूचित क्षेत्रात उपशावर आणि जास्त पाणी पिणाऱ्या पिकांवर बंधनं घालण्याची तरतूद त्यात आहे. प्रत्यक्षात बोअरच्या गाड्या दर उन्हाळ्यात रात्रभर धडधडतात. धरणांच्या बाबतीत पेच वेगळा आहे. पावसाळा अर्ध्यावर असताना धरण काठोकाठ भरून ठेवलं की पुराचं पाणी सामावायला जागा उरत नाही, आणि रिकामं ठेवावं तर परतीचा पाऊस दगा देईल ही धास्ती. २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या महापुरानंतर या तारेवरच्या कसरतीची चर्चा झाली. पावसाच्या अंदाजानुसार साठा रोज कमीजास्त करत राहणं, आणि त्याचा हिशेब नदीकाठच्या गावांपुढे उघडा ठेवणं, याला पर्याय नाही.

पावसाळा सरतो तेव्हा विहिरी भरलेल्या असतात आणि रब्बीची पेरणी चालू असते. भरल्या विहिरीच्या काठावर उभं राहून वाटणीचं बोलणं सर्वांत अवघड, आणि ते बोलायचे दिवस हेच. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार, पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले तेव्हापासून घडत गेलेलं, ते बोलतं. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, ही बंदी गावानं स्वतःवर घालून घेतली आहे. पावसाळा सरला की पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी ग्रामसभेत मांडली जाते. आधी माणसांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं, मग जनावरांचं. राहिलेल्या पाण्यात गहू बसतो की ज्वारी-हरभऱ्यावर भागवायचं, हे त्यानंतर ठरतं. पाऊस कमी असेल त्या वर्षी गव्हाचं बियाणं कोणी आणत नाही.