पदवी लवकर पूर्ण करावी काय?
मावळ-लोणावळ्यातील विद्यार्थी व पालकांसाठी काही विचार

महाविद्यालयात प्रवेश घेतला की तीन वर्षांनी पदवी, हा हिशेब मागील पिढीला ठाऊक होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तो बदलला. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून स्वायत्त आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत या धोरणाची अंमलबजावणी सुरू झाली. त्यामुळे लोणावळ्याचे पुरंदरे महाविद्यालय असो वा तळेगाव दाभाडे येथील इंद्रायणी महाविद्यालय, तेथील विद्यार्थ्यापुढे आज नवा प्रश्न उभा आहे. शिक्षण तीन वर्षांत संपवावे, चौथे वर्ष घ्यावे, की त्याआधीच बाहेर पडावे? ज्या घरातून प्रथमच कोणी महाविद्यालयाची पायरी चढले आहे, तेथे याबाबत सल्ला देणारे माणूस सहसा नसते. म्हणूनच हा विषय नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

दोन वेगळ्या वाटा

‘लवकर संपविणे’ या शब्दांत दोन भिन्न गोष्टींची गल्लत होते. पहिली वाट मध्येच बाहेर पडण्याची. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन विद्यार्थी थांबू शकतो. त्यासाठी ४ जादा श्रेयांकांचे कौशल्यविषयक काम करावे लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार अशा विद्यार्थ्याला तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. मात्र हे प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे. ज्या स्पर्धा परीक्षेला वा नोकरीला पदवीची अट आहे, तेथे ते चालणार नाही.

दुसरी वाट पूर्ण पदवीच कमी काळात मिळविण्याची. आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तिच्या कार्यपद्धतीला मान्यता दिली. तीन वर्षांची पदवी सहाऐवजी पाच सत्रांत, तर चार वर्षांची पदवी आठऐवजी सात किंवा सहा सत्रांत पूर्ण करता येते. पहिल्या वा दुसऱ्या सत्राच्या अखेरीस विद्यार्थ्याने अर्ज करावयाचा आणि संस्थेच्या समितीने त्याची पात्रता तपासावयाची, अशी ही पद्धत आहे. मंजूर प्रवेशसंख्येच्या १० टक्क्यांपर्यंतच विद्यार्थ्यांना ही मुभा देता येते. पदवीपत्रावर कमी कालावधीची नोंद असली, तरी नोकरी व पुढील शिक्षणासाठी ती नेहमीच्या पदवीइतकीच ग्राह्य धरली जाते. याच नियमांत शिक्षणाचा काळ दोन सत्रांपर्यंत वाढवून घेण्याचीही सोय आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

श्रेयांकांचा हिशेब

वेळ कमी झाला म्हणून अभ्यास कमी होत नाही. समजा, तीन वर्षांच्या पदवीला १३२ श्रेयांक, म्हणजे प्रत्येक सत्राला २२ क्रेडिट आहेत. पहिल्या सत्रानंतर वेग वाढविला, तर उरलेले ११० श्रेयांक चार सत्रांत मिळवावे लागतील, म्हणजे दर सत्राला साडेसत्तावीस. दुसऱ्या सत्रानंतर निर्णय घेतला, तर तीन सत्रांत ८८, म्हणजे दर सत्राला एकोणतीसहून अधिक. एका श्रेयांकासाठी साधारण १५ तासांचे अध्यापन धरले जाते. म्हणजे प्रत्येक सत्रात ८० ते ११० तास वर्गात अधिक बसावे लागेल आणि घरचा अभ्यास त्याव्यतिरिक्त. पवन मावळातून वा आंदर मावळातून एसटीने येणाऱ्या, पावसाळ्यात चिंब भिजत तळेगाव वा लोणावळा गाठणाऱ्या विद्यार्थ्याने या तासांत प्रवासाचेही तास मिळवून पाहावेत.

वाचलेल्या सहा महिन्यांचे काय?

पाचवे सत्र हिवाळ्याच्या तोंडाशी संपते. पदव्युत्तर प्रवेश मात्र पुढील उन्हाळ्यात व पावसाळ्यात होतात. पुढे शिकायचेच असेल, तर वाचलेले सहा महिने घरी वाट पाहण्यात जातील. स्पर्धा परीक्षांसाठीही घाईचे कारण नाही. लोकसेवा आयोगाच्या पूर्व परीक्षेला पदवीच्या अंतिम वर्षाचे विद्यार्थीही बसू शकतात. ज्याच्याजवळ या सहा महिन्यांसाठी निश्चित योजना आहे, उदाहरणार्थ पदवी मिळताच रुजू होण्याजोगी नोकरी वा प्रवेशपरीक्षेची पूर्णवेळ तयारी, त्यालाच या वाटेचा खरा लाभ होईल.

चौथ्या वर्षाचाही असाच विचार करावा. तीन वर्षांच्या पदवीनंतर पदव्युत्तर शिक्षण दोन वर्षांचे, तर चार वर्षांच्या पदवीनंतर ते एक वर्षाचे असते. एकूण वर्षे दोन्हीकडे सारखीच. ज्याला संशोधनाची ओढ आहे त्याने चौथे वर्ष घ्यावे. ज्याला तीन वर्षांनी नोकरी करावयाची आहे त्याने संकोच बाळगू नये.

घाई कोणाची?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. तळेगाव-चाकणच्या औद्योगिक वसाहतींत कंत्राटी काम मिळते. लोणावळ्यात हंगामात हॉटेलांना, चिक्कीच्या दुकानांना माणसे हवी असतात. वडील आजारी आहेत, घराचा हप्ता थकला आहे, अशा वेळी मुलाला दोन पैसे कमवावेसे वाटणे स्वाभाविक आहे. त्यात कमीपणा नाही. पण हंगाम संपतो, कंत्राटही संपते. अशा वेळी शिक्षण सोडण्याआधी शिष्यवृत्ती, शुल्कसवलत आणि पुणे विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना यांची चौकशी करावी. आपल्या प्रमुख धर्मगुरूंशीही मोकळेपणाने बोलावे. मदत मागण्यास लाजणारी कुटुंबेच पुष्कळदा मुलांचे शिक्षण गमावून बसतात.

मुलींच्या बाबतीत घाई अनेकदा इतरांची असते. स्थळ आले आहे, म्हणून ‘लवकर उरकून घे’ असे सांगितले जाते. वेगवान अभ्यासक्रम हा हुशार विद्यार्थिनीच्या इच्छेसाठी आहे. तिच्यावर लादलेल्या निर्णयाला तो पांघरूण ठरू नये. पालकांनी येथे स्वतःच्या मनाला प्रामाणिकपणे विचारावे.

संत इग्नेशियस यांचा अनुभव

येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी तिशी उलटल्यावर, १५२४ मध्ये बार्सिलोना येथे लॅटिनचे धडे गिरविण्यास आरंभ केला. पुढे अल्कला येथे त्यांनी तर्कशास्त्र, निसर्गविज्ञान व ईशज्ञान असे अनेक विषय एकाच वेळी उरकण्याचा प्रयत्न केला. पाया कच्चा राहिला. १५२८ मध्ये पॅरिसला गेल्यावर हे त्यांच्या ध्यानी आले, तेव्हा ते पुन्हा लहान मुलांच्या शेजारी बसून लॅटिन शिकले. त्याच पॅरिसमध्ये त्यांना फ्रान्सिस झेवियर भेटले आणि १५३५ मध्ये त्यांनी मास्टरची पदवी मिळविली. घाईने गमावलेला काळ त्यांनी नम्रतेने भरून काढला. मन खचलेले असताना आधी केलेला निश्चय बदलू नये, ही त्यांची शिकवण आजच्या विद्यार्थ्यालाही लागू पडते. एखाद्या विषयात नापास झाल्याच्या आठवड्यात महाविद्यालय सोडण्याचा अर्ज लिहू नये.

निर्णयापूर्वी

आपल्या महाविद्यालयात वेगवान अभ्यासक्रम प्रत्यक्षात सुरू आहे काय, जादा विषय कोणत्या वेळी शिकविले जातात आणि वेग न झेपल्यास नेहमीच्या वर्गात परतता येते काय, हे प्राचार्यांच्या कार्यालयात विचारावे. श्रेयांक आपल्या शैक्षणिक श्रेयांक बँकेच्या खात्यात जमा झाले आहेत, याचीही खात्री करावी. मग शांतपणे प्रार्थना करावी. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ च्या ‘ख्रिस्तुस विवित’ या युवकांसाठीच्या बोधपत्रात विवेकपूर्ण निवडीसाठी स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. ते अवश्य वाचावे.

बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असे प्रभू येशूने सांगितले आहे. पदवी हाही असाच बुरूज आहे. तो पाच सत्रांत उभा राहो वा आठ सत्रांत, त्याचा पाया भक्कम असावा आणि तो बांधण्याचा निर्णय त्यात राहणाऱ्याचा असावा.