सूर्याच्या पोटात किती पृथ्व्या?

तेरा लाख! प्रश्नमंजूषेत हे उत्तर दिलं की टाळ्या पडतात. पण त्यात एक गोम आहे. सूर्याचा व्यास सुमारे १३ लाख ९२ हजार किलोमीटर, पृथ्वीचा १२,७४२. म्हणजे १०९ पट. १०९चा घन केला की आकडा तेरा लाखांच्या आसपास जातो. मात्र हा हिशेब पृथ्व्या वितळवून ओतल्या तरच खरा. अख्ख्या, गोल गोल पृथ्व्या रचायच्या तर मध्ये फटी राहणारच. सारख्या आकाराचे गोळे कितीही हुशारीने रचा, ७४ टक्क्यांच्या वर जागा भरत नाही, असा अंदाज केपलरने १६११मध्येच बांधला होता. म्हणजे अख्ख्या पृथ्व्या मावतील फार तर साडेनऊ लाख. उरलेल्या साडेतीन लाख वेटिंग लिस्टवर!

आता हे अंतरासकट डोळ्यांपुढे आणायचं तर फोडणीतली एक टपोरी मोहरी घ्या, दोन मिलिमीटरची. ही पृथ्वी. सूर्य म्हणजे मग फुटबॉल. दोन्ही ठेवायचे कुठे? क्रिकेटच्या पिचच्या एका टोकाला फुटबॉल ठेवून दुसऱ्या टोकापर्यंत या, आणि आणखी तीन-साडेतीन मीटर पुढे जाऊन मोहरी ठेवा. चंद्र मोहरीपासून जेमतेम सहा सेंटिमीटरवर. माणूस आजवर स्वतः जाऊन पोचलाय तो या सहा सेंटिमीटरांपर्यंत. शाळेच्या पुस्तकातल्या चित्रांत सूर्य आणि पृथ्वी शेजारी-शेजारी का असतात, ते कळलं ना? प्रमाणात काढायचं तर पान मैदानाएवढं लागेल.

या अंतरात सूर्यच रांगेने मांडले तर साधारण १०७ बसतात. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे हा आकडा जानेवारीत १०६च्या जवळ, तर जुलैत १०९च्या जवळ जातो. जपमाळेच्या १०८ मण्यांशी त्याचं नातं जोडणारे मेसेज फिरत असतात. ते वाचून सोडून द्यावेत.

चंद्राचीच आणखी एक गंमत. पृथ्वी सूर्याच्या अगदी केंद्रात नेऊन ठेवली, तरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवरचा चंद्र सूर्याच्या आतच फिरत राहील. पृष्ठभागापर्यंतची निम्म्याहून थोडी जास्त वाट त्याने गाठलेली असेल, एवढंच.

सूर्याच्या अभ्यासासाठी पाठवलेलं आपलं ‘आदित्य एल-१’ यान २ सप्टेंबर २०२३ला निघालं आणि ६ जानेवारी २०२४ला मुक्कामी पोचलं. त्याचा हा मुक्काम पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, म्हणजे सूर्याच्या व्यासापेक्षा लाखभर किलोमीटर जास्त. यानावरची ‘सूट’ ही दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ या संशोधन संस्थेने इस्रोच्या साथीने घडवलेली. सूर्याच्या नुसत्या डागांकडे पाहिलं तरी आकाराची कल्पना येते. ऑक्टोबर २०१४मध्ये दिसलेल्या डागांच्या एका समूहाच्या रुंदीत दहा पृथ्व्या ओळीने मावल्या असत्या.

वजनाच्या बाबतीत मात्र सूर्य आकाराच्या मानाने हलका. आकारमान तेरा लाख पट, वस्तुमान ३ लाख ३३ हजार पट. सरासरी घनता पृथ्वीच्या पावपट, पाण्याच्या दीडपटीहूनही कमी. तरीही त्याच्या पृष्ठभागावर गुरुत्व पृथ्वीच्या २८ पट भरतं. इथे ६० किलो दाखवणारा काटा तिथे १,६८० किलो दाखवेल (काटा आणि आपण शिल्लक राहिलो तर).

आणि गोलाईत पृथ्वीचा नंबर खालीच. विषुववृत्तापाशी पृथ्वीचा व्यास ध्रुवांमधल्या व्यासापेक्षा ४३ किलोमीटरने जास्त भरतो. एवढ्या अवाढव्य सूर्यात हा फरक दहाएक किलोमीटरच. स्वतःभोवतीची एक फेरी घ्यायला तो सुमारे पंचवीस दिवस लावतो, मग मध्यभाग फुगणार कसा?

पण सगळ्यात मजेशीर हिशेब उष्णतेचा. सूर्य दर सेकंदाला देतो ती एकूण ऊर्जा त्याच्या किलोंमध्ये वाटली तर एका किलोच्या वाट्याला वॉटचा पाच हजारावा भाग येतो. माणसाचं शरीर किलोमागे एक वॉटहून जास्त उष्णता देतं. म्हणजे किलोला किलो लावला, तर रविवारी दुपारी जेवून आडवे झालेले आजोबासुद्धा सूर्याला हजारो पटींनी मागे टाकतात. सूर्य जिंकतो तो फक्त किलोंच्या संख्येवर: दोनावर तीस शून्यं.